समुद्रशेवाळाचे औषध : गोदामात माल भरण्यापूर्वी

पुडिंग घट्ट करणारे चायना ग्रास आपल्या घरांत सर्वांच्या ओळखीचे आहे. ते समुद्रातील लाल शेवाळापासून बनते; व्यापारात त्याला आगर म्हणतात. १८८१ च्या सुमारास जर्मनीत डॉ. वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी हे स्वयंपाकघरातले आगर जंतू वाढवण्यासाठी सुचवले आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून ती रीत जगभर गेली. कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे आजही आगराच्या बशीतच तपासतात. आता त्याच बशीत शेवाळाचा अर्क टाकून पाहणे चालू आहे. कारण उघड आहे : औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला.

शेवाळच का? ते एका जागी चिकटून असते, भोवतालचे पाणी जंतूंनी भरलेले, आणि पळण्याची सोय नाही. म्हणून ते स्वतःच संरक्षक रसायने तयार करते. ऑस्ट्रेलियातील डेलिसिया पल्क्रा या लाल शेवाळावर तेथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९९० च्या दशकात मोठे काम झाले. या शेवाळातील फ्युरॅनोन द्रव्ये जंतूंना मारण्याऐवजी त्यांचा आपसातला रासायनिक निरोप तोडतात. निरोप तुटला की जंतूंना एकजुटीने थर धरणे जड जाते. कल्पना फारच सुंदर. पण ही द्रव्ये माणसाच्या पेशींनाही बाधक ठरू शकतात, आणि त्यांचे औषध बाजारात आले नाही.

नॉर्वेत तपकिरी शेवाळातील अल्जिनेटचे बारीक तुकडे करून ‘ऑलिगो-जी’ बनवले गेले. प्रयोगशाळेत त्याच्या जोडीने काही प्रतिजैविके कमी मात्रेत काम करू लागली. मात्र सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या विकाराच्या रुग्णांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वसनक्षमतेत खात्रीलायक सुधारणा दिसली नाही.

आपल्याकडे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शेवाळांची जंतुनाशक तपासणी केली आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ‘कडलमिन’ नावाने सांधेदुखी, मधुमेह इत्यादींसाठी पूरक कॅप्सूल काढल्या. पण शेवाळापासूनचे प्रतिजैविक अजून कोठेच दवाखान्यात पोचलेले नाही.

हे सर्व वडप्याच्या व्यापाऱ्याने का वाचावे? नाशिक महामार्गावरील वडपे नाक्याच्या आसपास गोदामांची दाटी आहे, आणि नवा माल प्रथम येथेच उतरतो. ‘शेवाळाचा अर्क, हट्टी जंतूंवर अक्सीर इलाज’ असे सांगून कोणी भरघोस कमिशन देऊ केले, तर माल घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बशीत जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. आणि अशा भरवशावर कोणी डॉक्टरांचे औषध सोडले तर जिवावर बेतेल. खाद्यपूरकावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. औषध म्हणून ठोक विकायचे तर नमुना २०-बी व २१-बी चे परवाने लागतात.

धंदाच करायचा असेल तर जखमेवरच्या अल्जिनेट पट्ट्या पाहाव्यात. त्या स्राव शोषून जेलीसारख्या होतात आणि रुग्णालयांत खरोखर वापरल्या जातात. त्यांच्या विक्रीसाठी एमडी-४२ नोंदणी करावी लागते. खाण्याचे शेवाळ घेताना मात्र प्रत्येक बॅचचा आयोडीन व आर्सेनिकचा तपासणी अहवाल मागावा. जादा आयोडीनने थायरॉइड बिघडते.