खोल्यांचा डीबी बॉक्स : डबा स्वस्तातला चालेल, आरसीसीबी मात्र हवीच

आज खत-औषधाचा मेसेज नाही. आज घरातल्या आणि भाड्याच्या खोल्यांतल्या लाईटबद्दल थोडं. मेसेज लांब आहे, पण वायरमनला बोलवायच्या आधी एकदा वाचा.

कारण असं झालं. आपल्या एका सभासदाच्या खोलीत (नाव सांगत नाही) पाणी तापवायच्या रॉडचा करंट बादलीत उतरला. भाडेकरू कंपनीतली पोरं, रात्रपाळी करून आलेली. एकाने रॉड चालू असतानाच पाण्यात हात घातला आणि हात आखडला. दुसऱ्याने पळत जाऊन बटण बंद केलं म्हणून निभावलं. नंतर बोर्ड उघडला तर आत एमसीबी व्यवस्थित होती. मालकाचा प्रश्न एकच होता, "एमसीबी बसवली होती ना मी, मग ती पडली का नाही?"

एमसीबी पडणारच नव्हती, कारण ते तिचं कामच नाही. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. वायरमधून १६ पेक्षा बराच जास्त करंट गेला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच ती पडते. ओल्या अंगाच्या माणसातून साधारण पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो. माणूस मरायला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पुरे होतो. एमसीबीच्या लेखी तो एखाद्या बल्बएवढा लोड.

माणूस वाचवते ती आरसीसीबी. तिचं काम शेतकऱ्याला लगेच कळेल असं आहे. विहिरीवरून पाईपात जेवढं पाणी सोडलं तेवढं टाकीत पडलं पाहिजे. कमी पडलं तर मधे कुठेतरी गळती आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत तोलत असते. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत-बाहेर, सेकंदाच्या एक तृतीयांश वेळेत, ती लाईन तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. दुकानदार १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची "सारखी पडत नाही, आरामाची आहे" म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. ती आगीपासून थोडंफार राखेल, माणसाला नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काही कळत नाही, कारण गेला तेवढा करंट परत आला. आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही. म्हणून दोन्ही लागतात. आधी मेन डबल पोल एमसीबी, मग आरसीसीबी, मग खोलीखोलीच्या एमसीबी. मेन ३२ ची असेल तर आरसीसीबी ४० ची घ्या, कमी नको.

काही जण म्हणतात, आमच्याकडे अर्थिंग आहे, मग ही कशाला? हिशोब करून बघा. मुरमाड जमिनीत, उन्हाळ्यात, पाणी न घातलेल्या अर्थिंगचा रोध २० ओहम असणं काही विशेष नाही. २३० व्होल्ट भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. गीझरच्या पत्र्यात फेज उतरला तरी १६ ची एमसीबी जागची हलणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. आरसीसीबी तिथे तत्काळ पडेल. म्हणजे अर्थिंग खराब असेल तिथे आरसीसीबीची गरज जास्तच. याचा अर्थ अर्थिंग नको असा मात्र काढू नका. अर्थिंग असेल तर गळती झाल्याबरोबर, कुणी हात लावायच्या आधीच ती पडते. नसेल तर हात लागल्यावर पडते, म्हणजे झटका तर बसतोच.

आता खरेदी. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी पट्ट्यात आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आठ-दहा खोल्या आहेत, आणि जुन्या चाळीत अजून किटकॅट फ्यूज आणि त्यात जाड तांब्याची तार आहे. तिथून सुरुवात करा.

पैसे कुठे वाचवायचे? डब्यात. दोन दारांचा, काचेचा, चकचकीत डबा घ्यायची गरज नाही. साधा एका दाराचा चालतो. पत्र्याचा असेल तर डब्यालाही अर्थ जोडा. दोन घरं जास्तीची घ्या, उद्या एसी आला तर उपयोगी पडतात. रिकाम्या घरांवर झाकणपट्ट्या बसवायला सांगा, नाहीतर पाल आत जाते आणि मेन पट्टीवर चिकटून पडते. हसू नका, पावसाळ्यात रात्री अचानक लाईट जाण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे.

आरसीसीबी आणि एमसीबीत मात्र वाचवू नका. एमसीबीवर आयएसआय खूण आणि आयएस/आयईसी ६०८९८ बघा, आरसीसीबीवर आयएस १२६४०. खुणेजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, परवाना कुणाचा ते दिसतं. नाव वेगळं निघालं तर माल परत द्या. पुण्यात तपकीर गल्लीत घ्या नाहीतर चाकणला, पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडचा माल स्वस्त का आहे, ते आपोआप कळतं.

एमसीबी वायरप्रमाणे निवडायची, लोडप्रमाणे नाही. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दीडच्या वायरला १० अँपिअर, अडीचच्या वायरला १६, चारच्या वायरला २५. भाडेकरूने दीड हजार वॉटचा रॉड आणि दोन हजारची इंडक्शन एकदम लावली तर सव्वापंधरा अँपिअर होतात. अडीचची वायर आणि १६ ची एमसीबी ते सोसते. दीडच्या वायरला १० ची एमसीबी पडते आणि तक्रार येते. मग वायरमन येऊन तिथे ३२ ची टाकून जातो. तक्रार बंद. पण आता आधी वायर जळणार, एमसीबी नंतर.

बसवताना या गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा.

स्क्रू घट्ट आहेत का, वायरीचे सगळे तंतू आत गेले आहेत का. डबा जळण्याचं कारण बहुतेक वेळा ढिला जोड असतो. जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर आधी तीच बदला.

न्यूट्रल. आरसीसीबीच्या पुढच्या खोल्यांचा न्यूट्रल तिच्याच पट्टीवर आला पाहिजे. शेजारच्या खोलीचा न्यूट्रल त्यात मिसळला की आरसीसीबी विनाकारण पडते, आणि मग वायरमन म्हणतो "पीस खराब आहे, काढून टाकू." पीस चांगला असतो, वायरिंग चुकलेलं असतं.

सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रलला तुकडा जोडून "अर्थिंग झालं" असं कुणी केलं तर तो तुकडा लगेच काढायला लावा. मागे कुठे न्यूट्रल तुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यात थेट फेज येतो.

दहा खोल्यांना एकच आरसीसीबी लावली तर एकाच्या रॉडमुळे दहाही खोल्या अंधारात, आणि रात्री दोनला फोन तुम्हालाच. जमलं तर प्रत्येक खोलीला वेगळी. एकदम पैसे नसतील तर न्हाणीघर, मोरी, स्वयंपाकाचं आणि अंगणातलं सॉकेट यांच्या लाईनला आधी लावा, बाकीचं पुढच्या भाड्यातून. स्वतःच्या घरालाही. गोठ्यातली लाईन विसरू नका, जनावराला माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा झटकाही घातक असतो.

मीटरच्या बाजूच्या सीलला कुणी हात लावायचा नाही, ते काम महावितरणचं, १९१२ ला फोन करा. आतलं काम परवानाधारकाकडूनच.

बसवल्यावर त्याच्यासमोरच आरसीसीबीवरचं टी बटण दाबा. लाईट चालू असताना दाबायचं. पडली पाहिजे. दर महिन्याला भाडं घ्यायला जाल तेव्हा एकदा दाबा.

सारखी पडत असेल तर सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. जिच्याने पडली त्या लाईनवरचे प्लग काढून बघा, जुना रॉड किंवा गीझर सापडतो. सगळ्या एमसीबी खाली असूनही पडत असेल तर न्यूट्रलमध्ये दोष आहे, वायरमनला तसं सांगा.

ज्यांच्याकडे अजून किटकॅट आहेत त्यांनी बोर्डाचा फोटो, दार उघडून पण आत हात न घालता, ग्रुपवर टाका. सोबत खोल्या किती आणि मीटर सिंगल फेज की थ्री फेज ते लिहा. शनिवारी बाजाराला येणारे फोटो घेऊन कंपनीच्या ऑफिसलाही येऊ शकतात. कुणाला किती घरांचा डबा लागेल ते तिथेच काढून देऊ.