गादी मऊ, तरी पाठीला जखम का?

पक्षाघात झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्ण अंथरुणाला खिळला की घरची मंडळी फोमची जाड गादी आणतात. काही महिन्यांनी विचारतात, "डॉक्टर, गादी एवढी मऊ, तरी आईच्या पाठीला जखम कशी झाली?" याचे उत्तर फोमच्या सूक्ष्म रचनेत आहे.

गादीचा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व सहकाऱ्यांनी हे रसायन शोधले. त्याच्या रेणूंच्या साखळीत मऊ व कडक असे भाग असतात. मऊ भाग ताणले जाऊन पुन्हा आखडतात. कडक भाग एकमेकांना धरून ठेवतात. फोममध्ये या द्रव्याचे बारीक जाळीदार कप्पे असतात. गादीच्या फोममधील कप्पे एकमेकांत उघडणारे असतात. दाबले की हवा बाहेर जाते, सोडले की आत येते. फ्रिजच्या भिंतीतील पॉलियुरेथेनचे कप्पे मात्र बंद व ताठ असतात, म्हणून तो टणक लागतो.

एकाच जागी सतत भार पडला, घाम-लघवीचा ओलावा मुरला, की कडक भागांची पकड सैल होते व कप्प्यांची जाळी मोडते. कमी घनतेच्या फोमचे असे लवकर होते. मग गादी हाताला मऊ लागते, पण माकडहाडाखाली पार दबून जाते. हाड आणि फळी यांमध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण होते.

याची परीक्षा सोपी आहे. रुग्ण झोपलेला असताना तळहात वर करून माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी सरकवा. मध्ये इंचभरही फोम जाणवला नाही, तर गादी बदला. नवी घेताना जाडीबरोबर घनताही विचारा. वरचे आच्छादन पाणी मुरू न देणारे असावे. उघडा फोम उन्हात घालू नये; तो पिवळा पडून त्याचा भुगा होतो.

मात्र उत्तम गादी आणली तरी कूस बदलणे चुकत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे व टाचा रोज पाहा. दाबूनही न जाणारी लाली दिसल्यास तिथे चोळू नका. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे काळसर डाग, गरमपणा किंवा कडकपणा तपासा. असे काही आढळल्यास त्या बाजूवर झोपवू नका आणि कातडी फुटण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवा.