कापणी कोणाची, पंगत कोणाची?

(अभ्यासपाठ)

वाचन: लेवीय २३:९-२२, अनुवाद १६:९-१५, रूथ, अध्याय २

आपल्या बहुतेक मंडळ्यांत वर्षातून एकदा कापणीचा सण पाळला जातो. व्यासपीठापुढे भोपळे, केळीचे घड, गव्हाच्या लोंब्या, तांदळाची पायली मांडली जाते. उपासनेनंतर त्या जिनसांचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामी येते. ही रीत चांगली आहे व ती टिकावी. परंतु संडे स्कूलच्या मुलांस विचारून पाहा, की हा भोपळा कोणत्या महिन्यात उतरला, हा गहू कोणी कापला आणि कापणाऱ्याच्या घरी आज काय शिजले आहे. पहिल्या प्रश्नाला एखादे उत्तर येईल, शेवटच्याला बहुधा येणार नाही. म्हणून ह्या पाठात आपण एका लहान सेंद्रिय शेताचे वर्ष समजून घेऊ आणि कापणीच्या पंगतीचा त्या शेताशी काय संबंध आहे, ते पाहू.

१. लहान शेताचे वर्ष

उदाहरणासाठी माळव्यातील दोन-तीन एकरांची काळी जमीन घेऊ. जूनअखेर पाऊस लागला की सोयाबीन, मका व मधल्या ओळींत तूर पेरतात. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते. तूर मात्र थंडी संपेपर्यंत उभी राहते. दिवाळीच्या आगेमागे गहू, हरभरा व लसूण यांची लागवड होते. थंडीत मेथी, पालक, मुळा, वांगी यांची रेलचेल असते. हरभऱ्याचे घाटे भरले की त्यांचा हुळा होतो, गहू चिकात आला की ओंब्या भाजतात, आणि मार्च-एप्रिलात गहू खळ्यावर येतो. पुढे उन्हाळा. तेव्हा भाजी थोडी, पण आंबा व लिंबू असते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. असे शेत सर्व काही सर्वकाळ देत नाही. बाजारात बारमाही टोमॅटो मिळतो, कारण तो दूरदूरच्या प्रदेशांतून आळीपाळीने येतो. लहान शेतकरी त्याच्या जमिनीत त्या महिन्यात जे येते तेच देऊ शकतो, आणि जेव्हा येते तेव्हा ते भरभरून येते. आठ दिवसांत संपले नाही तर पालेभाजी सडते. म्हणजे वेळेवर घेणारे हात नसले, तर चांगले पीकही शेतकऱ्याचे नुकसानच करते.

२. मातीला परत देणे

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की तो परदेशातून आला असे पुष्कळांस वाटते. इंदूरच्या वाचकांस तरी असे वाटू नये. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले आणि १९२४ ते १९३१ पर्यंत त्यांनी इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत काम केले. त्यांनी यशवंत वाड यांच्या सोबतीने खताची जी रीत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने जगभर गेली. १९३१ साली त्या दोघांचे ह्या विषयावरील पुस्तक निघाले. येथील शेतकरी आणि पिकावरील कीड हेच आपले शिक्षक होत, असे हॉवर्ड मानीत असत.

ती रीत साधी आहे. पालापाचोळा, धसकटे व तण यांचा थर द्यावा. त्यावर शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख पसरावी. असे थरावर थर रचून ओल राखावी आणि ठराविक दिवसांनी ढीग उलथावा, म्हणजे हवा आत जाते. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. नुसत्या पाचोळ्याचे असे खत लवकर होत नाही आणि नुसत्या शेणाचेही तसे होत नाही. घेतले त्यातील काही मातीला परत दिले पाहिजे, हे ह्या शेतीचे मूळ सूत्र होय.

३. शास्त्रातील तीन कापण्या

पॅलेस्टाइनमधील गेजेर येथे १९०८ साली चुनखडीची एक लहान पाटी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातील मानली जाते. तिच्यावर शेतीचे वर्ष कोरले आहे: फळे गोळा करण्याचे महिने, पेरणीचे महिने, मागास पेरणीचे महिने, जवसाच्या कापणीचा महिना, सातूच्या कापणीचा महिना, आणि असेच पुढे. शास्त्रातील सण ह्याच वर्षाच्या चौकटीत बसलेले आहेत. प्रथम सातू पिकतो, तेव्हा पहिली पेंढी अर्पण होते. तेथून पन्नास दिवस मोजले की गव्हाचे प्रथमफळ म्हणून खमीर घातलेल्या दोन भाकरी आणतात. शेवटी खळे व द्राक्षकुंड यांचे काम उरकले की सात दिवसांचा मांडवांचा सण येतो.

आता शिक्षकांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली अशी की लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात सणांचे नियम चालू असता मध्येच, बाविसाव्या वचनात, शेताच्या कडा कापू नयेत व पडलेला सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा, अशी आज्ञा आहे. ती तेथे चुकून आलेली नाही. कापणीचा सण आणि कापणीचा सरवा ह्या दोन वेगळ्या बाबी नाहीत, असे त्यावरून दिसते. दुसरी अशी की अनुवादात आनंद कोणी करावा ह्याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरका आणि विधवा. म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर नाही, असे लोक त्या पंगतीला बोलावलेले आहेत.

ही आज्ञा पाळली म्हणजे काय होते, ते रूथच्या गोष्टीत दिसते. ती परदेशी व विधवा होती. सातूच्या कापणीच्या आरंभी ती बेथलेहेमात आली. सरवा वेचण्याची मुभा तिला मिळाली, पण बवाज तेवढ्यावर थांबला नाही. जेवणाच्या वेळी त्याने तिला कापणाऱ्यांच्या शेजारी बसविले व भाजलेले धान्य दिले. तिने पोटभर खाऊन काही शिल्लकही ठेवले. सरवा देणे म्हणजे मदत. पण शेजारी बसविणे म्हणजे आपल्यात घेणे. ह्या दोहोंतील अंतर मुलांना नीट समजावून सांगावे.

४. आपल्या मुलुखातील पंगती

हे सारे आपल्या लोकांस अपरिचित नाही. सोलापूर, लातूर, धाराशिव व त्यांना लागून असलेल्या बिदर-कलबुर्गी भागात वेळ अमावस्येला घरोघरचे लोक शेतात जाऊन जेवतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही बोलावतात. रब्बी ज्वारी हिरवी असता आगटी पेटवून हुरडा भाजतात. तो एकट्याने खाण्याचा पदार्थ नव्हेच. कोल्हापूर-बेळगाव भागात गुऱ्हाळावर आलेल्याला रस व गरम गूळ दिल्यावाचून जाऊ देत नाहीत. गोव्यात राय येथे ५ ऑगस्टला व ताळगाव येथे २१ ऑगस्टला कॅथलिक बांधव भाताची नवी कणसे मंदिरात आणून कोणसाचे फेस्त करतात.

मात्र आता हुरड्याची पंगत पुष्कळ ठिकाणी तिकीट लावून होते. त्यात वाईट काही नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण ज्या बाईने कणसे खुडली ती पाने वाढते आणि मागे चुलीपाशी उभी राहते, असे असेल तर ती पंगत बवाजाच्या शेतातील पंगत नव्हे.

५. अडचणीची वर्षे

रासायनिक खते व औषधे सोडून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला हंगामी पिकांसाठी साधारणपणे दोन वर्षे आणि फळबागेसारख्या पिकांसाठी तीन वर्षे थांबावे लागते. मगच त्याच्या मालाला सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र मिळते. ह्या काळात उतारा बहुधा घटतो, निंदणीची मजुरी वाढते आणि भाव मात्र साधाच मिळतो. पुष्कळ लहान शेतकरी येथेच हात टेकतात. त्यांचा निश्चय कच्चा असतो असे नाही. तोटा एकट्याने सोसवत नाही.

ह्यावर जगात ठिकठिकाणी एकच उपाय निघाला आहे. १९७० नंतर जपानात काही कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट बांधिलकी केली. तिला ‘तेइकेइ’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर अशीच पद्धत सुरू झाली. कुटुंबे हंगामाच्या आरंभी आगाऊ पैसे देतात आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचा वाटा घेतात. पीक चांगले आले तर वाटा मोठा, गारपीट झाली तर लहान. आपल्या देशातही सहभाग-हमी पद्धत आहे. तीत किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात व एकमेकांसाठी जबाबदार राहतात.

अशा शेतांवर पेरणीचा दिवस, कापणीचा दिवस, सहभोजन असे कार्यक्रम होतात. ते केवळ करमणुकीसाठी नसतात. ज्याने एकदा उन्हात लसूण उपटला, तो वाकडी काकडी पाहून नाक मुरडत नाही. ओळखीने विश्वास येतो, आणि त्या विश्वासावर शेत तरते.

६. आपण काय करावे?

दहा कुटुंबांनी मिळून जवळच्या एका लहान शेतकऱ्याकडून हंगामाची भाजी व वर्षाचा गहू घेण्याचे ठरवावे, आणि त्याच्या अडचणीच्या वर्षांतच ठरवावे. तो आपल्या मंडळीचा असलाच पाहिजे असे नाही; यादीत परका आहेच. ह्या वर्षी कापणीच्या सणाला शेतमजुरांस निमंत्रण द्यावे आणि त्यांच्या पंक्तीत पाळकांनी व पंचांनी बसावे, वाढणे तरुण संघाने करावे.

वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या गावी ह्या महिन्यात शेतातून काय निघते? पुढील रविवारी त्यातील एक जिन्नस घेऊन या.
२. बवाजाने रूथला कोणत्या दोन प्रकारे मदत केली? त्यांत मोठी कोणती, व का?
३. अनुवादातील यादीत आठ प्रकारचे लोक आहेत. त्यांपैकी आपल्या कापणीच्या सणाला कोण येतात आणि कोण येत नाहीत?
४. घरी वर्गात करता येईल असा खताचा लहान ढीग इंदूर पद्धतीने घाला. तीन महिन्यांनी तो उघडून पाहा आणि ते खत उपासनामंदिराच्या आवारातील एखाद्या झाडाला घाला.