८० कोंबड्यांना जागा किती? आधी पावसाळ्याचा हिशोब करा

बोरीवली-दहिसरला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: "पालघरला गावी एक गुंठा पडून आहे, १०० गावरान कोंबड्या बसतील ना?"

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गावरान किंवा वनराजा, गिरिराजासारख्या मोठ्या कोंबडीला शेडमध्ये २ चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या आवारात निदान १० चौरस फूट धरा. म्हणजे १०० कोंबड्यांना १,२०० झाले. गुंठा इथेच संपला!

ब्रॉयलरला एक-सव्वा फूट चालतो, कारण तो सहा-सात आठवड्यांत विकला जातो. अंड्यांची कोंबडी तुमच्याकडे वर्षभर तरी राहणार, तिला तो आकडा लावू नका. आणि पिल्लं बघून तर हिशोब अजिबात करू नका. पिल्लू अर्ध्या फुटातही मजेत असतं.

आता मुख्य गोष्ट. कागदावरचे २ फूट कोरड्या दिवसांचे आहेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आवाराचा चिखल होतो आणि कोंबड्या दिवसच्या दिवस आतच बसतात. गर्दीत खाली टाकलेलं भाताचं तूस ओलं होतं, अमोनियाने डोळे झोंबतात, रक्ती हगवण पसरते, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. अंडी घटतात, खाद्याचं बिल मात्र तेवढंच! म्हणून कोकणपट्टीत मी शेडमध्ये ३ फूट धरायला सांगतो. भर पावसात शेड वाढवता येत नाही.

मग गुंठ्यात ८० कोंबड्या घ्या. शेड १२ बाय २०, म्हणजे २४० फूट. आवार ८०० फूट. उरलेल्या ४९ फुटांत खाद्याची कोठी.

फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो ना? इथेही तेच. खाद्याची, पाण्याची भांडी आणि अंड्यांचे खोके जमिनीवर मांडले तर जागा खातात, म्हणून भांडी टांगा, खोके भिंतीला लावा. ४-५ कोंबड्यांमागे एक खोका पुरतो. बसायला दांड्या द्या, प्रत्येकीला ८ इंच.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पत्रा भिंतीच्या ३ फूट बाहेर काढा, नाहीतर पावसाची झड थेट तुसावर येते.

आणि सातबाऱ्यावरचा आकडा घेऊन शेडवाल्याकडे जाऊ नका. रविवारी गावी गेलात की टेप लावा. विहीर, बांध, वाट वजा करा. जे उरेल त्याला १३ ने भागा.