रेंजवर सरळ, मैदानात वाकडा

प्रश्न : वर्षभरापासून घराजवळच्या ड्रायव्हिंग रेंजवर गोल्फचा सराव करतो आहे. तिथे सात नंबरच्या आयर्नने चेंडू एकामागून एक सरळ जातात. मैदानावर मात्र त्याच क्लबने कधी चेंडू चार पावलांवर थांबतो, कधी थेट झाडीत जातो. हे दडपणामुळे होतं, की रेंजवरचा सरावच फुकट जातोय? – एक वाचक, पुणे

उत्तर : दडपण असतंच, पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. पहिला संशय पायाखालच्या मॅटवर घ्या.

आयर्नचा फटका नीट बसायचा तर क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. म्हणूनच कसलेल्या खेळाडूच्या फटक्याने उडालेला गवताचा तुकडा चेंडूच्या पुढच्या जागेतला असतो. तुमचा क्लब दोन बोटं मागे टेकला, तर गवतावर तो मातीत रुततो आणि चेंडूतला जोरच जातो. मॅटवर तोच चुकलेला क्लब घसरत पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडवतो. चूक झाली हे कळतच नाही, आणि न कळलेली चूक रोज घोटली जाते. उपाय सोपा आहे: चेंडूच्या जरा मागे पातळ नॅपकिन अंथरा. क्लब त्याला घासला, की फटका मागे पडला हे लगेच समजेल.

रेंजचे चेंडूही वेगळे असतात. रोज मार खाऊन टिकावेत म्हणून त्यांचं आवरण कडक ठेवतात. चेंडूला हवेत उचलून धरणाऱ्या खळग्या झिजल्या, की तो आधीच खाली येतो. तेव्हा तिथल्या पाटीवरचे मीटर बघून ‘माझा सात नंबर इतका जातो’ असं ठरवू नका. शिवाय चौकोनी मॅटच्या कडा तुम्हाला आपोआप दिशा दाखवतात. मैदानावर अशी रेघ कुणी आखून ठेवत नाही.

पण माझ्या मते खरं कारण सरावाच्या पद्धतीत आहे. नेटमध्ये एकाच टप्प्याचे थ्रो-डाऊन खेळणाऱ्या फलंदाजासारखी तुमची गत झाली आहे. रेंजवर विसाव्या सेकंदाला पुढचा चेंडू समोर असतो. मैदानावर चार तासांत नव्वद फटके धरले, तर दोन फटक्यांमध्ये अडीच मिनिटांहून जास्त वेळ जातो. दर वेळी क्लब वेगळा, अंतर वेगळं, पायाखालचा उतारही वेगळा.

याबद्दल शे आणि मॉर्गन या संशोधकांचा १९७९ सालचा एक प्रयोग फार महत्त्वाचा आहे. त्यांनी काही जणांना हाताच्या हालचालींचे तीन प्रकार शिकवले. एका गटाने एक प्रकार संपवून मगच दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट क्रमाने केले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. नंतरच्या चाचणीत दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. क्रम बदलत राहिला की मेंदूला दर वेळी हालचाल नव्याने जुळवावी लागते, आणि मैदानावर नेमकं हेच करावं लागतं.

म्हणून रेंज सोडू नका. नवी पकड किंवा स्विंगमधला एखादा बदल अंगवळणी पाडायला एकच फटका पुन्हापुन्हा मारणं योग्यच आहे, आणि त्यासाठी रेंजसारखी जागा नाही. ते बादलीतल्या पहिल्या एक-तृतीयांश चेंडूंत उरका. उरलेल्या चेंडूंनी मनातल्या मनात तुमचं नेहमीचं मैदान खेळा. पहिल्या होलला ड्रायव्हर. चेंडू उजवीकडे गेला, तर पुढचा फटका तिथून जो क्लब लागेल त्याने. मग वेज. प्रत्येक चेंडूआधी मागे सरका, दूरचा एखादा खांब किंवा झेंडा हेरा आणि नव्याने उभे राहा. बादली तासभर पुरेल, आणि चेंडू आधीपेक्षा वाकडेतिकडे जातील. त्याने खचू नका, खरा अंदाज तोच आहे.

आणखी एक हिशेब. पार ७२ च्या मैदानात प्रत्येक ग्रीनवर पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे एकूण ३६. ड्रायव्हर मात्र साधारण १४ वेळाच हातात येतो, कारण पार-३ च्या होलवर तो बहुधा लागत नाही. तरी रेंजवर सगळ्यांत जास्त घाम ड्रायव्हरवरच गाळला जातो. तुमच्या रेंजला पटिंग ग्रीन असेल, तर निम्मा वेळ तिथे द्या. सहा-सात फुटांवरून, एकाच चेंडूने, दर वेळी जागा बदलून.