दोन नावांचे एक फळ

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत मोसंबीच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. येथील मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नोंदीत फळाचे इंग्रजी नाव आहे ‘जालना स्वीट ऑरेंज’, म्हणजे जालन्याचे गोड ऑरेंज. ‘ऑरेंज’ हा शब्द आज इंग्रजीत नांदत असला, तरी त्याचे माहेर निराळेच आहे.

संस्कृतात ‘नारंग’ हा शब्द आहे. तो द्राविड भाषांतून आला असावा, असे भाषापंडित मानतात. व्यापाऱ्यांच्या सोबतीने फळ पश्चिमेकडे निघाले आणि त्याचे नावही निघाले. इराणात ते ‘नारंग’च राहिले, अरबांच्या तोंडी त्याचे ‘नारंज’ झाले. अरबांनी ही झाडे स्पेनमध्ये लावली. ती फळे आंबट होती. गोड जात युरोपात मागाहून आली. इटली व फ्रान्समधील भाषांत ‘एक’ या अर्थाच्या शब्दात ‘न’ असतो. फळाचे नाव त्याला जोडून उच्चारताना दोन ‘न’ एकमेकांत मिसळले आणि फळाचा ‘न’ हरवला. अशा रीतीने घडलेला ‘ऑरेंज’ शब्द सुमारे सहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून इंग्लंडात पोहोचला.

प्रारंभी या शब्दाचा अर्थ केवळ फळ एवढाच होता. त्या रंगाला इंग्रज ‘पिवळा-तांबडा’ म्हणत. सोळाव्या शतकात फळाचेच नाव रंगाला मिळाले. मराठीतही ‘नारिंगी’ हे रंगाचे नाव फळावरूनच पडले. ‘ऑरेंज’ आणि ‘नारिंगी’ या एकाच कुळातील बहिणी होत.

आता ‘मोसंबी’ हा शब्द पाहावा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक देशाच्या नावावरून तो आला, असे मानतात. म्हणजे जे नाव परके वाटते ते येथून गेलेले, आणि जे आपले वाटते ते सागरापलीकडून आलेले!

मग मोसंबी जालन्याची कशी? २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, कित्येक बागा वाळून गेल्या. शेतकऱ्यांनी टँकरने विकतचे पाणी आणून जमेल तेवढी झाडे जगवली. ज्या भूमीने तिला असे जपले, त्या भूमीची ती झाली. शब्दांचेही तसेच आहे. जे लोक शब्द जपतात, वापरतात, त्यांचा तो होतो.

स्वाध्याय
१. ‘नारंग’ शब्दाचा प्रवास क्रमाने लिहा.
२. ‘ऑरेंज’ शब्दाचे दोन अर्थ कोणते? त्यांतील आधीचा कोणता?
३. फळाफुलांवरून पडलेली रंगांची पाच मराठी नावे शोधा.