टेम्पो : हँबुर्गच्या कारखान्यातून आपल्या गल्लीपर्यंत



द्राक्षांचा हंगाम असो की बेदाण्याचे बॉक्स पेठेत न्यायचे असोत, आपल्या कवठे महांकाळ परिसरात 'टेम्पो' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. हा शब्द कुठला, असं मुलांना विचारून बघा. कुणी मराठी म्हणेल, कुणी इंग्रजी. खरं तर ते जर्मनीतल्या एका कारखान्याच्या गाडीचं नाव आहे. इतिहास, भूगोल आणि भाषा हे तिन्ही विषय या एका शब्दात शिकवता येतात.

कारखान्याची सुरुवात

हँबुर्ग हे उत्तर जर्मनीतलं एल्ब नदीवरचं मोठं बंदर. तिथे ओस्कार व्हिडाल यांनी 'व्हिडाल अँड झोन' म्हणजे 'व्हिडाल आणि मुलगा' ही कंपनी काढली. १९२८ च्या सुमारास तिथे लहान तीनचाकी मालगाड्या बनू लागल्या. गाडीचं नाव ठेवलं 'टेम्पो'. जर्मन भाषेत त्याचा अर्थ वेग. पुढे १९३० च्या दशकात कारखाना जवळच्या हारबुर्ग भागात गेला.

तीनच चाकं का?

हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, कारण उत्तर मजेशीर आहे. १९२८ साली जर्मनीत असा नियम आला, की चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीला वाहन कर नाही आणि चालवायला परवानाही नको. बेकरीवाला, भाजीवाला, छोटा दुकानदार यांना ट्रक परवडत नव्हता. त्यांना ही गाडी परवडली. म्हणजे गाडीचा आकार फक्त इंजिनिअरने नाही, तर सरकारी नियमाने आणि गरिबाच्या खिशानेही ठरवला!

पुढच्या मॉडेलमध्ये इंजिन पुढच्या चाकापाशी बसवलं. साखळीने तेच चाक फिरायचं. त्यामुळे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा लागत नव्हता आणि मागचा हौदा बुटका, सपाट ठेवता येत होता. पोती चढवणाऱ्या माणसाला हौदा वीतभर खाली असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या हमालांना विचारावं.

याच कारखान्याने दोन इंजिनांची एक चारचाकी गाडी बनवून अनेक देशांच्या सैन्यांना विकली, हेही मुलांना सांगावं. युद्धानंतर १९४९ मध्ये 'हॅन्सिएट' ही तीनचाकी आणि 'मॅटाडोर' ही चारचाकी आली. मॅटाडोर हे नावसुद्धा आपल्याला परकं नाही!

भारतात कशी आली?

नवलमल कुंदनमल फिरोदिया हे अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर). स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. भारतात ऑटोरिक्षा आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९५८ साली त्यांनी व्हिडाल कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' स्थापन केली. सुरुवातीला मुंबईत गोरेगावला आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला गाड्या बनू लागल्या. जर्मनीत हॅन्सिएटचं उत्पादन १९५६ च्या सुमारास थांबलं होतं. तिथल्या लोकांच्या हातात पैसा आला, ते मोठ्या गाड्यांकडे वळले. आपल्याकडे मात्र तिची गरज नुकती सुरू होत होती.

ती गरज आपल्या तालुक्याच्या उदाहरणाने सांगता येईल. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. पण रेल्वे माल स्टेशनात सोडते. तिथून वाडीवस्तीपर्यंत बैलगाडीच. ट्रक मोठा, महाग आणि अरुंद वाटेला अडचणीचा. बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधली ही जागा टेम्पोने भरली.

पुढे जर्मन कंपनी हानोमागकडे आणि नंतर डायम्लर-बेंझकडे गेली. हारबुर्गच्या त्या कारखान्यात आज मर्सिडीज-बेंझचे सुटे भाग बनतात. आपल्याकडेही २००५ मध्ये बजाज टेम्पोची 'फोर्स मोटर्स' झाली. दोन्हीकडच्या कंपन्यांच्या नावातून 'टेम्पो' गेला. पण आपण आजही कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. कंपनी कागदावर बदलते, शब्द लोकांच्या तोंडात राहतो.

वर्गात काय घ्यावं?

१. नकाशात हँबुर्ग, गोरेगाव, आकुर्डी आणि कवठे महांकाळ दाखवून प्रवास रेखाटायला सांगा.

२. कंपनीच्या नावावरून रूढ झालेले शब्द गोळा करा : जेसीबी, झेरॉक्स, डालडा... मुलं भराभर सांगतात.

३. आजी-आजोबांना विचारा : टेम्पो येण्याआधी माल कसा जायचा? किती वेळ लागायचा?

४. गावातल्या एखाद्या टेम्पोचालकाला वर्गात बोलवा. किती वजन भरतात, डिझेल किती लागतं, भाडं कसं ठरतं? गणिताचा तास आपोआप होईल.

चौथा उपक्रम टाळू नका. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात 'टेम्पोचालक' लिहिताना काही मुलं अडखळतात, शेजारच्याला दिसू नये म्हणून वहीवर हात ठेवतात. वडिलांच्या गाडीमागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि गावची द्राक्षं बाजारात पोहोचतात ती त्यांच्यामुळे, हे त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर कळायला हवं. पालकांनीही घरी हा विषय काढावा. आपल्या कामाबद्दल मुलांशी बोलायला कुठल्याही पदवीची गरज नसते.